त्रेपन्न दिवसांचं थोरलेपण

सोलबात वसाहतीच्या ज्येष्ठ नागरिक संघाची अध्यक्षपदाची निवडणूक चौदा विरुद्ध चौदा अशी बरोबरीत सुटली, तेव्हा प्यो जोंगगू आभाराच्या भाषणासाठी उठून उभेसुद्धा राहिले होते. नियमावलीतलं सातवं कलम त्यांना तोंडपाठ होतं. मतं समान पडली तर उमेदवारांपैकी जो वयानं मोठा, तो निवडून आला असं समजावं. आणि मोठं कोण, हा प्रश्न जेछन गावात कुणाला पडण्यासारखा नव्हता. समोरचे उमेदवार ओक छांगह्वान गेली एकतीस वर्षं त्यांना 'दादा' म्हणत आले होते.

दोघं रेल्वेत एकाच सिग्नल केबिनमध्ये होते. तेव्हापासून माशाच्या पोटाचा तुकडा प्योंच्या ताटात जायचा आणि शेपटी ओकांच्या. पेला भरताना ओक दोन्ही हात लावायचे आणि मोठ्यांचा मान म्हणून स्वतः पिताना तोंड बाजूला वळवायचे. संघाच्या हॉलमध्ये फरशी तापवणारी जमिनीखालची गरम पाण्याची नळी जिथून सुरू होते, ती सगळ्यात उबदार जागा प्योंची. ओक खिडकीशी, जिथे वारा लागतो.

"मित्रहो," प्यो म्हणाले, "आपण माझ्यावर जो विश्वास—"

"दादा, जरा थांबा," खिडकीकडून आवाज आला. "तुम्ही कितीचे?"

हा प्रश्न एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आला होता. प्यो हसले. "अरे, तुला माहीत नाही? मी शहात्तर, तू पंच्याहत्तर."

"ते जुन्या हिशोबानं. जन्मल्याबरोबर एक आणि नवं वर्ष लागलं की आणखी एक, तसं. गेल्या जूनपासून कायदा बदललाय. आता पूर्ण झालेली वर्षं मोजायची."

गेल्या जूनमध्ये सरकारनं एका दिवसात सगळा देश एक-दोन वर्षांनी तरुण करून टाकला होता, हे खरंच होतं. बायकांच्या बाजूला बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "मलाही केलं लहान. माझ्या गुडघ्यांना अजून कळवलं नाही."

संघाच्या चिटणीस यॉम बाईंनी मोबाइल काढला. प्यो यांचा जन्म अठरा डिसेंबर एकोणपन्नास, ओक यांचा नऊ फेब्रुवारी पन्नास आणि आजची तारीख वीस फेब्रुवारी. बाईंचा अंगठा बराच वेळ चालला. मग त्यांनी चष्मा वर केला.

"दोघंही चौऱ्याहत्तर."

हॉलमध्ये भाताचा कुकर तेवढा वाफ सोडत होता.

"अहो, पण मी डिसेंबरचा!" प्यो म्हणाले. "मी आधी जन्मलो की नाही?"

"कलमात 'वयानं मोठा' असं लिहिलंय," ओक म्हणाले. "'आधी जन्मलेला' असं नाही. वय सारखं आहे. बाईंनी आत्ताच सांगितलं."

"अरे, पण पंचांगात तू वाघाच्या वर्षातला. मी त्याच्या आधीच्या, बैलाच्या."

"त्या साली चांद्र नवं वर्ष सतरा फेब्रुवारीला लागलं. मी नऊचा. म्हणजे मीसुद्धा बैलाच्याच वर्षातला."

"मग एकतीस वर्षं स्वतःला वाघ वाघ का म्हणत होतास?"

"तुम्ही दादा होतात," ओक शांतपणे म्हणाले, "म्हणून म्हणत होतो."

हे वाक्य प्योंना फार लागलं. ज्या माणसानं कधी वाद घातला नाही, त्यानं हा वाद किती वर्षं घरी बसून जमवला असेल, हे त्यांना त्या क्षणी दिसलं. आणि ओकांना एकदा जोर आला तो आलाच.

"आणि खरं सांगू का? माझी नोंदच वर्षभर उशिरा झालीय. त्या काळी पोर जगतंय का ते बघायचे आणि मग कार्यालयात जायचे. कागदापेक्षा मी वर्षानं मोठा आहे."

दोन-चार माना हलल्या. त्या हॉलमध्ये निम्म्या लोकांच्या नोंदी उशिराच्या होत्या.

आता इथे प्यो गप्प बसले असते, तर निदान वाद त्रेपन्न दिवसांवर राहिला असता. पण गप्प बसणं हा मोठ्यांचा गुण आहे, आणि आपण मोठे आहोत की नाही हेच त्या वेळी ठरायचं होतं.

"मग माझीही उशिराच झालीय!" ते म्हणाले. "कागदावर डिसेंबर आहे, पण आमच्या घरी माझा वाढदिवस कायम शरद ऋतूत, चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यात व्हायचा. म्हणजे जन्मलो आधी, नोंदवलं नंतर. किती नंतर, देव जाणे. वर्ष, दोन वर्षं!"

"साक्षीदार?" यॉम बाईंनी विचारलं.

ओकांच्या घरचं कुणी उरलं नव्हतं. प्योंनी छाती पुढे काढली. "माझी थोरली बहीण आहे. योंगवलला राहते. पंच्याऐंशी वर्षांची आहे. जुन्या हिशोबानं," त्यांनी ओकांकडे बघून जोडलं. "तिच्यासमोर माझा जन्म झालाय."

शुक्रवारी ताईंची साक्ष घ्यायची असं ठरलं. शिवाय सावधगिरी म्हणून नगर कार्यालयालाही एक पत्र टाकायचं, असं यॉम बाईंनी वहीत लिहिलं. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

घरी प्योंची बायको मालसुन मोड आलेल्या सोयाबीनच्या शेपट्या खुडत बसली होती. मतदान करून ती लगेच निघून आली होती.

"बरोबरी झाली," प्यो म्हणाले. "तू मला मत दिलंस ना?"

"गुप्त मतदान होतं ना ते?"

"अगं, नवऱ्यापासून कसलं गुप्त?"

"मग त्या पडद्यामागे कशाला पाठवलं मला?" असं म्हणून तिनं पातेलं स्वतःकडे ओढलं.

प्योंनी योंगवलला बहिणीला फोन लावला. गुमरेताईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे हे संभाषण खालच्या मजल्यावरही झालं.

"ताई! माझा कागदावरचा जन्म! तो खरा नाही ना?"

"काय म्हणतोस?"

"कागदावरची तारीख! ती माझी नाही ना?"

पलीकडचा टीव्ही आधी बंद झाला.

"तुला कुणी सांगितलं?" ताई म्हणाल्या.

"म्हणजे खरं आहे!"

"खरं आहे. ती तुझी नाही. पण जोंगगू, हे असं फोनवर—"

"फोनवर नकोच! इथे येऊन चार लोकांत सांगशील? मी न्यायला येतो."

"चार लोकांत?" ताईंचा आवाज बारीक झाला. "बरं. सांगीन. आता लपवायचं तरी कुणापासून?"

प्योंनी फोन ठेवला आणि तळहातावर तळहात चोळले. "झालं! ओकचा निकाल लागला."

"ताई 'पण' म्हणाल्या," मालसुन म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही ओरडत होतात तेव्हा. 'खरं आहे, पण' असं म्हणाल्या. त्या 'पण'च्या पुढचं तुम्ही ऐकलं नाहीत."

"बायकांच्या बोलण्यात एक 'पण' असायचाच."

शुक्रवारी सकाळी ते टॅक्सीनं ताईंना घेऊन आले. वाटेत ताई खिडकीबाहेर बघत होत्या. प्यो अध्यक्ष झाल्यावर हॉलला नवे पडदे कसे लावणार ते त्यांना ओरडून सांगत होते. ताईंनी चांगलं जांभळं जाकीट घातलं होतं, केसांना तेल लावलं होतं. मांडीवर रुमालात बांधलेला वाळवलेल्या पर्सिमन फळांचा डबा होता.

हॉलमध्ये सगळे अठ्ठावीस जण आले होते. त्याशिवाय ज्यांना मताचा अधिकार नव्हता असेही सहा-सात होते. ताई आत शिरताच एकूण एक माणूस उठून वाकला, कारण इथे कुठल्याही हिशोबानं त्यांच्यापेक्षा मोठं कुणी नव्हतं. त्यांना उबदार जागेवर बसवलं. सातूचा चहा ओकांनी स्वतः आणला, दोन्ही हातांनी पुढे धरला.

यॉम बाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "आजी, तुमच्या भावाचा खरा जन्म कधीचा? कागदावर एकोणपन्नासचा डिसेंबर आहे."

"ती तारीख बरोबर आहे," ताई म्हणाल्या.

प्यो चमकले. "ताई, फोनवर तर तू म्हणालीस—"

"तारीख बरोबर आहे. ती जोंगगूचीच आहे. तुझी नाही."

कुणाला काही कळलं नाही. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि रुमालाची गाठ सोडायला घेतली, पुन्हा बांधायला घेतली.

"एकोणपन्नासच्या डिसेंबरात जोंगगू झाला. गोरा होता. पुढच्या वर्षी युद्ध आलं. त्या थंडीत आम्ही दक्षिणेकडे निघालो. बाबांच्या पाठीवर आजी होती, तिला चालता येत नव्हतं. आईच्या डोक्यावर तांदूळ आणि भांडी. मग पोर माझ्या पाठीवर बांधलं. मी अकराची होते. खिंड चढताना तो फार रडत होता. मागून येणारे लोक चिडायचे. मग तो रडायचा थांबला." त्यांनी गाठ पक्की केली. "मला बरं वाटलं. म्हटलं, झोपला. पलीकडे उतारावर आईनं पाजायला सोडवून घेतला, तेव्हा समजलं."

निवडणुकीच्या दिवशी गुडघ्यांचा विनोद करणाऱ्या आजींनी तोंडाला पदर लावावा तसा हात लावला.

"तेरा महिन्यांचा होता. आपल्या हिशोबानं दोन. चांद्र नवं वर्ष यायला तीन आठवडे होते, नाहीतर तीनचा होऊन गेला असता." मग त्या प्योंकडे वळल्या. "तू त्याच्या पुढच्या शरदात झालास. एक्कावन्नमध्ये, आठव्या महिन्यात. बाबा म्हणाले, नोंदणीत मुलाचं नाव आहेच, तो मेला म्हणून कोण सांगायला जातंय? कार्यालय डोंगरापलीकडे, बाहेर गोळीबार. घर तेच, आडनाव तेच, मुलगाच आहे. नाव कशाला वाया घालवायचं? म्हणून तुला त्याचं नाव दिलं. आणि तारीखही तीच राहिली."

ताईंनी डबा उघडून पर्सिमन सगळ्यांपुढे फिरवायला दिले आणि लोकांनीही ते घेतले, कारण पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला नाही म्हणता येत नाही.

प्यो ताईंच्या शेजारी बसून होते. त्यांना काहीतरी वाटायला हवं होतं, पण काय ते सापडत नव्हतं. आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी, अगदी हळू, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मग हे कितीचे?"

यॉम बाईंच्या अंगठ्यानं त्यांना न विचारताच हिशोब केला. "बहात्तर," त्या म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं.

बहात्तर. ओक चौऱ्याहत्तर, तेही उशिरा नोंदीचं सोडून. सगळे ओकांकडे बघायला लागले. ओक सभ्य माणूस होते, मान खाली घालून पर्सिमन चघळत राहिले. पण चघळता चघळता त्यांचे ओठ मोजल्यासारखे हलत होते. एकतीस वर्षांतल्या माशांच्या शेपट्या काही थोड्या नव्हत्या.

निघताना दारात बुटांची गर्दी होती. प्यो वाकून ताईंचे बूट शोधत होते, तेवढ्यात वरून आवाज आला.

"जोंगगू."

दादा नाही, प्योसाहेब नाही, नुसतं नाव. त्यांनी वर पाहिलं. ओक भिंतीला एक हात लावून उभे होते.

"माझे बूट दे जरा. काळे. तुझ्या डावीकडे आहेत."

प्योंनी बूट उचलून दिले. देऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण दोन्ही हात लावले होते.

त्या दिवसापासून प्यो हॉलकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी घरी जेवताना मालसुन म्हणाली, "मी पन्नास सालची."

"माहीत आहे."

"म्हणजे मी वर्षानं मोठी झाले."

प्यो सूप पीत राहिले.

"अठ्ठेचाळीस वर्षं 'अहो' म्हणतेय मी. लग्नाच्या वेळी माझी आई म्हणाली होती, मुलगा वर्षानं मोठा आहे, जरा सांभाळून घेईल."

"मग आता काय म्हणणार आहेस?"

"आता काय म्हणणार? जीभ वळायला हवी ना." तिनं ताटं गोळा केली. "ओल्या कचऱ्याची बादली भरलीय. खाली टाकून ये."

त्यांनी बादली उचलली. लिफ्टमध्ये चौथा मजला गेल्यावर तो 'ये' त्यांच्या लक्षात आला.

पण त्यांना डाचत होतं ते निराळंच. शाळेत घातलं तेव्हा कागदावर ते सहा पूर्ण होते, म्हणजे खरे साडेचार. वर्गात सगळ्यात बुटके, पळण्यात शेवटचे. बाकीची मुलं बेरजा करायची तेव्हा ह्यांना पेन्सिल धरता येत नव्हती. गुरुजी म्हणायचे, हे पोर मंद आहे. निकालाच्या दिवशी बाबा अंगणातल्या खराट्याची काडी काढायचे आणि पोटऱ्यांवर मारायचे. "तुझ्या वयाची मुलं बघ," असं म्हणून मारायचे. आणि सैन्यात बोलावणं आलं तेव्हा सोबतचे सगळे दाढीमिशांचे बाप्ये होते आणि त्यांना बंदूक खांद्याला लागायची नाही, उंची अजून वाढायची होती. सत्तर वर्षं त्यांनी मनाशी धरलं होतं की आपण जरा कमीच आहोत, आणि त्या कमीपणावर झाकण म्हणून जिथे मिळेल तिथे थोरलेपण घट्ट धरून ठेवलं होतं. रेल्वेत एक ओक मिळाला, दोन महिन्यांनी लहान, त्याला एकतीस वर्षं सोडला नाही.

ते मंद नव्हते. लहान होते. आणि बाबांना हे माहीत होतं. दरवेळी काडी उचलताना माहीत होतं.

सोमवारी ते नगर कार्यालयात गेले. खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी डोळेही पुसले. मग संगणकाकडे वळली.

"आजोबा, दुरुस्ती होऊ शकते. पण तुम्ही सांगताय तसं असेल तर ही नोंद तुमची नाहीच. ती त्या बाळाची. आधी तो एक्कावन्न साली वारला अशी नोंद करावी लागेल. म्हणजे प्यो जोंगगू मृत होतील. मग कोर्टातून तुमची नवीन जन्मनोंद."

"बरं. मग माझं लग्न?"

"ते प्यो जोंगगूंचं झालंय ना?" मुलगी घुटमळली. "ते एक्कावन्नमध्ये वारलेले असतील तर शहात्तरमध्ये लग्न... ते बघावं लागेल."

"माझी मुलगी आहे सोलला."

"तेही बघावं लागेल."

"रेल्वेतली नोकरी? सैन्य?"

"सगळंच बघावं लागेल, आजोबा."

"आणि हे सगळं तुम्ही बघून होईपर्यंत," प्योंनी विचारलं, "मी कोण?"

मुलीनं खरोखर विचार केला. फॉर्मच्या सगळ्या रकान्यांवरून नजर फिरवली.

"अर्जदार," ती म्हणाली.

प्योंनी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि घरी आले. मालसुनला त्यांनी सांगितलं की दुरुस्ती केली तर तू कायद्यानं एका मेलेल्या मुलाशी लग्न केलेली ठरशील.

"कायद्यानं," मालसुन म्हणाली. "बरं."

त्याच आठवड्यात यॉम बाईंच्या पत्राला उत्तर आलं. ते संघाच्या फळ्यावर लावलं, आणि एक प्रत बाई स्वतः प्योंच्या घरी घेऊन आल्या. दारातच उभं राहून त्यांनी वाचून दाखवलं. नवीन कायद्यानुसार वय हे केवळ नोंदणीतील जन्मतारखेवरून धरावे. पूर्ण वर्षे समान असल्यास दिवस मोजावेत. तोंडी साक्षी, चांद्र पंचांग व कौटुंबिक आठवणी विचारात घेऊ नयेत.

"त्रेपन्न दिवस," यॉम बाई म्हणाल्या. "तुम्ही मोठे आहात, प्योसाहेब. निवडून आलात. अभिनंदन."

त्या खाली वाकल्या. प्योही वाकले. दोघांनाही लवकर सरळ व्हायची घाई नव्हती, कारण सरळ झाल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

"मी ओकना मत दिलं होतं," बाई गेल्यावर मालसुन आतून म्हणाली. "वाटलं, हरलात तर घरी तरी माणसासारखे वागाल."

दादागिरी करण्याची हौस असताना हरायची भीती वाटली आणि ती हौस मेल्यावर खुर्ची घरी चालत आली. राजीनामा द्यावा असं प्योंच्या मनात आलं. पण राजीनाम्यावर कारण लिहावं लागलं असतं, आणि ते कारण कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं. मार्चच्या पहिल्या सोमवारी ते हॉलमध्ये गेले. उबदार जागा रिकामी होती. ओक खिडकीशी बसून एकटेच पत्ते लावत होते. बाकीच्यांनी अध्यक्षांना नमस्कार केला आणि सगळ्यांनी एकदम टीव्हीकडे बघायला सुरुवात केली.

प्यो ओकांच्या समोर जाऊन बसले. दोघांची एकच अडचण होती. तोंड उघडायचं तर आधी 'अरे' की 'अहो' हे ठरवायला हवं होतं.

"थंडी आहे," शेवटी प्यो म्हणाले. त्यात अरेही नव्हतं आणि अहोही.

"आहे," ओक म्हणाले.

"खिडकी लागत नाही वाटतं नीट."

"नाही लागत."

असं दहा मिनिटं चाललं. दोघं म्हातारे एकमेकांना हात न लावता पेटी उचलावी तसे वाक्यं उचलत होते.

"एक उपाध्यक्ष नेमायचा अधिकार आहे अध्यक्षाला," प्यो म्हणाले. "उपाध्यक्ष झालं की नुसतं 'उपाध्यक्ष' म्हणता येतं. वयाचा प्रश्न येत नाही. आणि उपाध्यक्षांना नुसतं 'अध्यक्ष' म्हणता येतं."

ओकांनी एक पत्ता उलटला, पुन्हा पालथा ठेवला. "कागद दोन महिन्यांनी थोरला करतो, म्हणून मी त्या कागदाखाली बसू?"

"नको असेल तर—"

"एकतीस वर्षं मी मान वळवून प्यायलोय. मानेचा मणका सरकलाय माझा, डॉक्टर म्हणाला. त्याला काय सांगू? चुकून सरकला?"

प्यो म्हणाले, "मला माहीत नव्हतं. खरंच."

"तुम्हाला माहीत नव्हतं हे मला माहीत आहे, दादा," ओक चिडून म्हणाले. म्हणाले आणि थबकले. जीभ आपल्या वाटेनं जाऊन परत आली होती. त्यांनी पत्ते एका झटक्यात गोळा केले, उठले, आणि दाराशी जाऊन स्वतःचे बूट स्वतः शोधायला लागले. उपाध्यक्ष व्हायला ते दुसऱ्या दिवशी तयार झाले, पण यॉम बाईंकडून निरोप पाठवून.

वसंत लागला तेव्हा प्यो एकटेच बसनं योंगवलला गेले. गुमरेताई पायरीवर ऊन खात बसल्या होत्या. साक्षीनंतर त्यांची तब्येत जरा खालावली होती आणि ऐकूही आणखी कमी यायला लागलं होतं. प्यो त्यांच्या शेजारी टेकले. खिंडीत बाळाला ठेवलं ती जागा कुठे आहे, हे विचारायला ते आले होते. पण ताई म्हणाल्या, बर्फ होतं, बाबांनी चार दगड ठेवले, आता तिथून मोठा रस्ता गेलाय, आणि तो विषय तिथेच संपला.

मग काहीतरी बोलायचं म्हणून ताईंनी विचारलं, "तुमच्या त्या निवडणुकीचं काय झालं पुढे? तुला सांगायचंच राहिलं की मलाच विचारायचं राहिलं?"

"निकाल लागला, ताई."

"आं?"

"निकाल लागला! जोंगगू निवडून आला!"

ताईंनी हात कानामागे नेला. त्यांचे डोळे कुठेतरी दूर होते, पण प्रश्न अगदी साधा, घरातल्या माणसानं विचारावा तसा आला.

"कोणता?"

प्योंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. अंगणात कोबीची रोपं नुकतीच लावली होती. ती बघत ते थोडा वेळ बसले. मग ताईंच्या कानाशी वाकून, त्यांना एका खेपेत ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"मोठा, ताई. आपला मोठा निवडून आला."